साउथ डाउन्स वे: माउंटन बाइकवरून विंचेस्टर ते ईस्टबोर्न, एक परीक्षण

दक्षिण इंग्लंडमध्ये माउंटन बाइकवर सलग दोन-तीन दिवस काढायचे असतील तर साउथ डाउन्स वेच्या तोडीचा दुसरा मार्ग नाही, हे आधीच सांगून टाकतो. हॅम्पशरमधल्या विंचेस्टरपासून ससेक्सच्या किनाऱ्यावरच्या ईस्टबोर्नपर्यंत १६० किलोमीटर, एकूण चढाई सुमारे ४,००० मीटर, आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत सायकल चालवायचा कायदेशीर हक्क. प्रवेश फी नाही, परवाना नाही, नावनोंदणी नाही. मात्र हे कौतुक कोरड्या दिवसांपुरतं आहे. लागोपाठ तीन-चार दिवस पाऊस झाला असेल तर याच मार्गाला आम्ही निम्मे गुण देऊ, आणि नोव्हेंबर ते मार्चमध्ये अख्खा मार्ग करायला निघूच नका असं सांगू. याचं कारण पायाखालच्या दगडात आहे. म्हणून या परीक्षणात चढ-उतारांच्या बरोबरीने खडूबद्दलही बरंच लिहिलं आहे.

आधी हक्काची गोष्ट, कारण भारतातून गेलेल्यांचा इथेच गोंधळ होतो. इंग्लंडमध्ये शेतातून जाणाऱ्या सार्वजनिक वाटांचे प्रकार ठरलेले आहेत. फूटपाथ फक्त चालणाऱ्यांसाठी. ब्रिडलवेवरून पायी, घोड्यावर आणि सायकलवर जाता येतं. सायकलींना ही मुभा १९६८ च्या कंट्रीसाइड अ‍ॅक्टने दिली आणि सोबत अट घातली, की चालणाऱ्यांना आणि घोडेस्वारांना सायकलवाल्याने वाट द्यायची. त्याच कलमात असंही आहे की सायकलस्वारांची सोय व्हावी म्हणून काही करण्याचं बंधन या हक्कामुळे कुणावर येत नाही. मार्गावरच्या काही पट्ट्यांत ट्रॅक्टरच्या चाकांनी पडलेले गुडघाभर चर वर्षानुवर्षं तसेच का राहतात, याचं निम्मं उत्तर या ओळीत आहे. आम्हाला हे खटकतं. ज्या मार्गाची ओळखच मुळी सायकल आणि घोडा चालणारा लांब पल्ल्याचा मार्ग अशी आहे, तिथे निदान दोन-चार ठरावीक जागा भरून काढायला हव्यात.

पाट्यांवरच्या बाणाचा रंग पाहायची सवय लावून घ्या. निळा बाण म्हणजे ब्रिडलवे, पिवळा म्हणजे फूटपाथ, जांभळट म्हणजे मोटार वर्ज्य असलेला बायवे, आणि लाल म्हणजे सगळ्या वाहनांना खुला असलेला बायवे. या शेवटच्या प्रकारात जीपगाड्यांचे खोल चर सापडतात. राष्ट्रीय मार्ग असल्याची खूण म्हणून ओकच्या बोंडाचं चिन्ह असतं. खुणा एकूण चांगल्या आहेत, विशेषतः ससेक्समध्ये. हॅम्पशरच्या भागात मात्र चालणाऱ्यांची आणि सायकलवाल्यांची वाट काही ठिकाणी वेगळी होते. एक्स्टन गाव ते ओल्ड विंचेस्टर हिल हा टप्पा त्यातला. तिथे ओकचं बोंड दिसलं म्हणून सरळ आत घुसू नका, बाण निळा आहे ना ते बघा. फोनवर ट्रॅक असला तरी हार्वे कंपनीचा १:४०,००० प्रमाणाचा पट्टी-नकाशा जवळ ठेवावा. तो पाण्याने खराब होत नाही, आणि अख्खा मार्ग एका कागदावर असल्यामुळे खाली उतरून गावात जायचं की धारेवरच राहायचं हा निर्णय चटकन घेता येतो.

हा मार्ग १९७२ मध्ये राष्ट्रीय मार्ग म्हणून सुरू झाला, तेव्हा तो ईस्टबोर्न ते बुरिटन एवढाच होता. विंचेस्टरपर्यंतचा भाग पुढे जोडला गेला. खडूच्या टेकड्यांवरचे दुसरे प्रसिद्ध मार्ग सायकलसाठी इतके सलग नाहीत. रिजवेचा पश्चिम अर्धा भाग, म्हणजे एव्हबरीजवळून टेम्सकाठच्या गोरिंगपर्यंत, उत्तम चालतो, पण पूर्वेकडे बराच फूटपाथ लागतो. नॉर्थ डाउन्स वेवरही बराच फूटपाथ आहे. सायकलिंग यूके या संस्थेने २०२० मध्ये आखलेला सुमारे ३५० किलोमीटरचा किंग आल्फ्रेड्स वे साउथ डाउन्स वेचा पश्चिमेकडचा तुकडा वापरतो. आठवडा हाताशी असेल तर तो करावा. शनिवार-रविवारला एखादी सुट्टी जोडून जमवायचं असेल तर साउथ डाउन्स वेच बरा.

आता दगड. हा खडू सुमारे १० ते ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्रतळावर साचलेला चुनखडीचा मऊ प्रकार आहे, सूक्ष्म शैवालांच्या कवचांच्या अतिबारीक कणांचा बनलेला. हे कण इतके बारीक असल्यामुळे पृष्ठभाग भिजला आणि त्यावरून चाकं, खूर, बूट गेले की वर पांढऱ्या लगद्याचा पातळ थर तयार होतो. खालचा खडू टणक आणि घासून गुळगुळीत झालेला, वर हा लगदा. टायरच्या खुरांना, म्हणजे त्यावरच्या रबरी उंचवट्यांना, रुतायला काही मिळत नाही. शेवाळलेल्या विहिरीच्या पायऱ्यांवर पाय टाकताना जसं वाटतं, तसं इथे चाकाला होतं. म्हणून ओल्या खडूवर वळणात पुढचा ब्रेक दाबायचा नाही, सायकल कलवायची नाही, वेग वळणाआधीच कमी करायचा. कडेला गवत असेल तर चाक गवतावर घ्या, तिथे पकड बरीच चांगली असते. चरात शिरलात तर चराच्या भिंतीवर चढायचा प्रयत्न करू नका. पुढचं चाक भिंतीला तिरकं लागून निसटतं आणि माणूस खांद्यावर आपटतो. इथले बहुतेक अपघात अशाच साध्या दिसणाऱ्या जागी होतात. चरातून सरळ खालपर्यंत जा, किंवा आधीच उतरा.

धारेवरच्या झाडीत वेगळी कटकट. तिथे खडूच्या वर चिकणमाती आणि गारगोट्यांचा थर आहे. देशावरच्या काळ्या मातीत पहिल्या पावसानंतर सायकल घातलेल्यांना तो ओळखीचा वाटेल. माती टायरवर थरावर थर बसते, फ्रेम आणि टायरमधली जागा भरते, चाक फिरेनासं होतं. टायर आणि फ्रेममध्ये दोन्ही बाजूंना निदान ८-१० मिलिमीटर जागा नसेल तर ओल्या दिवसात ग्राफम डाउन या टेकडीच्या आसपास सायकल खांद्यावर घ्यावी लागते.

मग गारगोटी, म्हणजे फ्लिंट. खडूच्या थरांमध्ये तिचे गोळे असतात. खडू झिजतो, पण गारगोटी झिजत नाही. ती वाटेवर सुटी होऊन पसरते आणि नांगराखाली, चाकाखाली फुटते. तुकडा हातात घेऊन पाहा. वरून पांढरी, खडबडीत साल, आत काळपट राखाडी, गुळगुळीत, शिंपल्यासारख्या वक्र भेगा, आणि कड इतकी पातळ की उजेडाकडे धरली तर अर्धपारदर्शक दिसते. अश्मयुगातल्या लोकांनी यापासून सुऱ्या आणि कुऱ्हाडी केल्या त्या उगाच नाहीत. सह्याद्रीतला बेसॉल्टचा मुरूम टायरला टोचतो, खरवडतो. फ्लिंट कापते. म्हणून मुळशी-भोरकडे वर्षभर टिकलेला हलका क्रॉस-कंट्री टायर इथे एका दिवसात बाद होऊ शकतो.

टायरबद्दल आमचं मत पक्कं आहे. ट्यूबलेस हवंच, आणि निदान मागचा टायर बाजूंना मजबुती असलेला हवा. २९ इंची चाक, २.२५ ते २.४ रुंदी, मधले खूर बुटके आणि जवळजवळ, कडेचे खूर उंच. चिखलासाठीचे उंच, विरळ खुरांचे टायर घ्यावेसे वाटतात, पण कोरड्या खडूवर ते निष्कारण जड चालतात आणि ओल्या खडूवर फारसे उपयोगी पडत नाहीत, कारण रुतायला मऊ थरच नसतो. प्रत्येक टायरमध्ये ९० ते १२० मिलिलिटर ताजं सीलंट, म्हणजे भोक बुजवणारा द्रव, घाला. तीन महिन्यांपूर्वी घातलेलं असेल तर झडप काढून, काडी घालून, आत द्रव शिल्लक आहे का ते बघा. हवेचा दाब ७५ किलोच्या माणसाला पुढे २२-२४ आणि मागे २५-२७ पीएसआय. सामानाच्या पिशव्या असतील तर मागे दोन-तीन पीएसआय वाढवा. फार कमी दाब ठेवला तर गारगोटीवर टायर रिमपर्यंत दबतो आणि बाजू चिरते.

पंक्चर कसं होतं ते नीट समजून घ्यावं, म्हणजे टाळता येतं. नखाएवढी पातळ कपची मधल्या खुरांच्या फटीत रुतते. लगेच काही होत नाही. चाकाच्या प्रत्येक फेऱ्यासरशी ती थोडी थोडी आत सरकते आणि दहा-पंधरा किलोमीटरनंतर टायरच्या आरपार जाते. म्हणून दर फाटकापाशी नाही, तरी दर थांब्यावर चाक हाताने हळू फिरवून बघा आणि रुतलेल्या कपच्या किल्लीच्या टोकाने उकरून काढा. काढताना फुसफुस आवाज आला तर चाक असं फिरवा की भोक खाली येईल, मग सीलंट तिथे साचून भोक बुजवतं. चीर पाच-सहा मिलिमीटरच्या पुढे असेल तर सीलंटच्या भरवशावर राहू नका, रबरी प्लग दाबा. बाजूच्या भिंतीतली चीर प्लगनेही टिकत नाही. त्यासाठी आतून लावायचा जाड तुकडा आणि एक ट्यूब न्यावी. ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतल्या बाजूने चिंधी फिरवा. बोट फिरवू नका, आत अडकलेली कपची बोट कापते. दोन जणांत मिळून एवढं सामान पुरतं: प्लगचा एक संच, दोन ट्यूब, टायरच्या आतून लावायचे दोन तुकडे, ६० मिलिलिटर जादा सीलंट, आणि पंप. फक्त गॅसच्या नळकांड्यांवर अवलंबून राहू नका.

बाकी सायकलीबद्दल थोडक्यात. पुढे १००-१२० मिलिमीटरचा सस्पेन्शन फोर्क असलेली हार्डटेल पुरेशी आहे. मागचं सस्पेन्शन असेल तर तिसऱ्या दिवशी कंबर आभार मानते, पण ते गरजेचं नाही. ४५ मिलिमीटर टायरची ग्रॅव्हल बाइक जून-जुलैच्या कोरड्या आठवड्यात निभावते, उतारांवर मात्र हात भरून येतात. गिअर पुढे ३२ आणि मागे ५० किंवा ५१ दातांचा असावा. त्याहून जड गिअरवर सामानासह चढ निघत नाहीत. ओल्या खडूचा लगदा ब्रेक पॅडना पॉलिशच्या पेस्टसारखा घासतो. रेझिन पॅड अशा एका लांब दिवसात संपू शकतात, सिंटर्ड, म्हणजे धातूच्या भुकटीचे, पॅड बरेच जास्त टिकतात. निघताना पॅडवर दीड मिलिमीटरहून कमी माल असेल तर घरीच बदला. चेनला उन्हाळ्यात मेणाचं वंगण लावा. तेलकट वंगणावर खडूची धूळ बसते आणि चेन, कॅसेट दोन्ही झिजतात. डिरेलर, म्हणजे गिअर बदलणारी यंत्रणा, फ्रेमला जोडणारा सुटा हँगर न्यायला विसरू नका, कारण धारेवर सायकलचं दुकान नाही. दुरुस्तीसाठी पीटर्सफील्ड, लुईस नाहीतर ब्रायटन गाठावं लागतं. ई-बाइकला ब्रिडलवेवर परवानगी आहे, मात्र मोटर २५० वॅटची आणि मदत ताशी २५ किलोमीटरपर्यंतच हवी. एवढी चढाई एका चार्जमध्ये होत नाही, तेव्हा मुक्कामाला प्लग मिळेल याची खात्री करून घ्या.

दिशा पश्चिमेकडून पूर्वेकडे ठेवा. इथे वारा बहुतेक वेळा नैऋत्येचा असतो आणि उघड्या धारेवर पाठीवरचा वारा फार मोलाचा. याची किंमत अशी की अवघड चढ दुसऱ्या अर्ध्यात येतात. विंचेस्टर ते क्वीन एलिझाबेथ कंट्री पार्क हे साधारण ४० किलोमीटर सौम्य आहेत: शेतं, एक्स्टनचं सुंदर गाव, मियॉन नदीचं नितळ पाणी, थोडा डांबरी रस्ता. शेवटी २७० मीटरच्या बटसर हिलच्या अंगावरून गवताळ उतार थेट ए३ महामार्गाखालच्या बोगद्याकडे जातो. उतार गुळगुळीत आहे, वेग सहज वाढतो, आणि तिथे मेंढ्या व फिरायला आलेली कुटुंबं असतात. ब्रेकवर बोटं ठेवूनच उतरा.

मार्गाचा खरा जीव अ‍ॅम्बर्लीपासून पुढे. खडूची ही लांब धार अरन, एडर, ऊझ आणि ककमिअर अशा चार नद्यांनी चिरली आहे. प्रत्येक नदीपाशी तुम्ही जवळजवळ समुद्रसपाटीला उतरता आणि पलीकडे पुन्हा दोनशे मीटरच्या आसपास चढता. अ‍ॅम्बर्लीनंतरचा चढ सर्वात खडा वाटतो, कारण तो चिंचोळ्या डांबरी रस्त्यावर एकदम सुरू होतो आणि पाय अजून चहा-केकच्या सुस्तीत असतात. एडरनंतर ट्रुली हिल २१६ मीटर, साउथीजच्या पुलानंतर फर्ल बीकन २१७ मीटर, अल्फ्रिस्टननंतर विंडओव्हर हिल २१४ मीटर, आणि ते उतरल्यावर जेव्हिंग्टनमधून विलिंग्डन हिल २०१ मीटर. आकडे लहान दिसतात. सिंहगडाचा पायथा ते माथा याहून किती तरी जास्त आहे. पण इथे ओळीने चढायचं असतं, आणि दोन चढांच्या मधल्या उतारावर गारगोट्यांमुळे विश्रांती मिळत नाही. पहिल्या दिवशी जोर राखून ठेवणाराच इथे हसतमुख राहतो.

एका जागेबद्दल स्पष्ट सांगायला हवं. वॉशिंग्टन गावाजवळ अधिकृत मार्ग ए२४ हा दुभाजक असलेला महामार्ग थेट ओलांडतो. गाड्या सुसाट येतात आणि सायकल ढकलत पलीकडे जाणं धोक्याचं आहे. वॉशिंग्टन गावातून जाणारा खुणा केलेला पर्यायी मार्ग घ्या. त्याला रस्त्यावरून पूल आहे, थोडं अंतर वाढतं, आणि गावात पबही आहे. पर्यायी मार्गच मुख्य ठरवावा असं आम्हाला मनापासून वाटतं.

तिथून वर चँक्टनबरी रिंग. लोहयुगातल्या या गढीवर १७६० मध्ये बीचची झाडं लावली गेली, आणि १९८७ च्या वादळात त्यातली बरीचशी आडवी झाली. आजची तरुण झाडी त्यानंतरची. पुढे डेव्हिल्स डाइक ही सुमारे शंभर मीटर खोल कोरडी दरी. तिच्यात नदी नाही, कारण खडू पाणी पिऊन टाकतो. बर्फयुगात तो गोठलेला असताना वितळपाणी आत झिरपेना, तेव्हा ही दरी कोरली गेली. क्लेटनच्या जॅक आणि जिल या पवनचक्क्या, मग २४८ मीटरचं डिचलिंग बीकन. इथून डावीकडे वील्डचा सखल प्रदेश आणि उजवीकडे समुद्र एकाच वेळी दिसतो. या पट्ट्यातली लुसलुशीत गवताची वाट म्हणजे अख्ख्या मार्गावरचं सर्वात सुखाचं सायकलिंग. रविवारी दुपारी मात्र गर्दी असते.

पाणी ही इथली खरी अडचण, आणि त्याचं कारणही खडूच. धारेवर ओढा नाही, झरा नाही, गुरांसाठी केलेली तळी तेवढी दिसतात आणि ती पिण्याची नाहीत. झिरपलेलं पाणी उत्तरेकडच्या कड्याच्या पायथ्याशी झऱ्यांतून बाहेर येतं, म्हणून गावंही तिथेच वसली. याचा व्यवहारातला अर्थ असा, की जेवायला गावात उतरलात तर परत येताना शंभर-दीडशे मीटर चढ मोजावाच लागतो. त्यापेक्षा वाटेवरच्या नळांवर भिस्त ठेवा: क्वीन एलिझाबेथ कंट्री पार्क, कॉकिंग हिल, एडरच्या पुलाजवळ बोटॉल्फ्स, सॅडलस्कोम फार्म, साउथीजच्या चर्चपाशी. कंट्री पार्क ते कॉकिंग आणि कॉकिंग ते अ‍ॅम्बर्ली हे दोन्ही टप्पे सुमारे वीस-वीस किलोमीटरचे असून मध्ये काहीच मिळत नाही. सावलीही तुरळक. उन्हाळ्यात माणशी दोन लिटर पाणी कमीत कमी. थंडीत नळ गोठू नयेत म्हणून बंद केलेले असू शकतात.

खाण्याची सोय बरी आहे, पण वेळा सांभाळाव्या लागतात. कंट्री पार्कचा कॅफे, अ‍ॅम्बर्लीला नदीकाठचं चहाघर, डेव्हिल्स डाइकचा पब, सॅडलस्कोमचा कॅफे, साउथीजच्या युथ हॉस्टेलचा कॅफे, अल्फ्रिस्टनमधली दुकानं. कॅफे साधारण चार-पाचला मिटतात आणि पबचं स्वयंपाकघर दुपारी मध्येच बंद होतं. शाकाहारी मंडळींना जॅकेट पोटॅटो, चीजचं सँडविच, सूप एवढं नक्की मिळतं. रोज त्यावर भागवायचं नसेल तर दशम्या, गुळपापडी, चिक्की बरोबर घ्या. चढाच्या आधी चिक्कीचा तुकडा कुठल्याही महागड्या जेलइतका कामाला येतो, आणि उन्हात वितळत नाही.

फाटकं पुष्कळ आहेत, आणि वेळेचं गणित त्यांच्यामुळे चुकतं. ब्रिडलवेवरच्या फाटकाची रुंदी कायद्याने निदान दीड मीटर असते, त्यामुळे ७८० मिलिमीटरचा हँडल सहज जातो. घोडेस्वाराला न उतरता उघडता यावं म्हणून कडीला उंच दांडा असतो. सायकलवाल्यालाही तो वापरता येतो. फाटक तुमच्याकडे उघडतं की पलीकडे, ते दुरूनच बिजागरीवरून ओळखा, गिअर आधीच हलका करा, दांड्याच्या बाजूने या आणि एक पाय टेकवून फाटक ढकला. मागे सोडून देऊ नका. काही फाटकं स्प्रिंगने जोरात मिटतात आणि मागच्याच्या डिरेलरवर आदळतात. जसं सापडलं तसं ठेवायचं, म्हणजे बंद असेल तर बंद. मेंढ्या रस्त्यावर गेल्या तर शेतकऱ्याचं नुकसान होतं आणि पुढच्या सायकलवाल्यांवरचा विश्वास उडतो.

घोडा दिसला की वेग उतरवा आणि लांबूनच बोला. घंटीपेक्षा माणसाचा आवाज चांगला. घोड्याला चाकाची सरसर ओळखता येत नाही, माणूस बोलला की तो शांत राहतो. ब्रिटिश हॉर्स सोसायटीची मोहीमही हेच सांगते: नमस्कार करा, भलेपणाने वागा. मागून जायचं असेल तर स्वाराची परवानगी मिळेपर्यंत थांबा, मग भरपूर अंतर ठेवून हळू जा. वासरांसोबतच्या गाई असतील तर सायकल गाईच्या आणि आपल्या मध्ये ठेवून चालत जा. आई आणि वासरू यांच्या मधून कधीही जाऊ नका.

किती दिवस लावावेत? चांगल्या तयारीचे लोक एका दिवसात करतात, आणि जाऊन-येऊन ३२० किलोमीटर २४ तासांत करणारेही आहेत. पहिल्यांदा जाणाऱ्याने तीन दिवस घ्यावेत: पहिल्या दिवशी कॉकिंगपर्यंत सुमारे ६० किलोमीटर, दुसऱ्या दिवशी ट्रुली हिलपर्यंत ४५, तिसऱ्या दिवशी ५५. दोनच दिवस असतील तर अ‍ॅम्बर्ली अगदी मध्यावर पडतं, आणि तिथे रेल्वे स्टेशन वाटेलगतच असल्यामुळे जमलं नाही तर परतता येतं. साउथीजचं स्टेशनही असंच हाताशी आहे. मुक्काम मे ते सप्टेंबरसाठी आधीच ठरवा. मालकाच्या परवानगीशिवाय तंबू ठोकणं इथे बेकायदा आहे.

शेवटाबद्दल एक तक्रार. सेव्हन सिस्टर्स आणि बीची हेडचे पांढरे कडे ज्या वाटेवर आहेत ती फूटपाथ आहे, सायकलला बंद. सायकलचा मार्ग अल्फ्रिस्टनहून विंडओव्हर हिल, विल्मिंग्टनच्या लाँग मॅनच्या डोक्यावरून जेव्हिंग्टन असा जातो आणि ईस्टबोर्नच्या पॅराडाइज ड्राइव्हवर, घरांच्या रांगेत, साध्या पाटीपाशी संपतो. सायकलिंग म्हणून हीच वाट सरस आहे. विंडओव्हरच्या माथ्यावरून दिसणारी कोरड्या दऱ्यांची वळणं अख्ख्या मार्गात सर्वोत्तम. मात्र जेव्हिंग्टनकडे उतरताना झाडीत मुळं आणि घासलेला खडू एकत्र येतात, तिथे दमलेल्या हातांनी घाई करू नका. समुद्र आणि कडे पाहायचेच असतील तर सायकल कुलूप लावून ठेवा आणि चालत जा.

ईस्टबोर्नहून लंडन व्हिक्टोरियाला गाडी साधारण दीड तासात पोहोचते. विंचेस्टरला जाताना वॉटर्लूहून एक तास. कामाच्या दिवशी गर्दीच्या वेळी न घडीची सायकल लंडनच्या गाड्यांत घेत नाहीत, तेव्हा शुक्रवारी संध्याकाळी निघायचा बेत असेल तर सातच्या पुढची गाडी धरा. सायकल गाडीत चढवण्याआधी बाटलीतल्या पाण्याने ब्रेकचे कॅलिपर, डिरेलरची चाकं आणि पेडलच्या कड्या धुऊन घ्या. खडूचा लगदा एकदा वाळला की सिमेंटसारखा घट्ट बसतो, आणि घरी दाबाच्या फवाऱ्याने काढायला गेलात तर तोच लगदा बेअरिंगच्या सीलमधून आत जातो. साधा नळ, मऊ ब्रश आणि भरपूर पाणी, एवढंच वापरा. चेन पुसून त्याच रात्री वंगण लावा, सकाळपर्यंत ती गंजायला लागलेली असते.